ब्रेकवरचा पाय

१२ जानेवारी

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. तळव्याला रबर लावलेले मोजे तुझ्या काकांना अगदी बेतून शिवल्यासारखे बसले. आता ते फरशीवर सरकत नाहीत आणि मीही कमी दचकते. मी मोजे चढवल्यावर त्यांनी विचारलं, "एकच पाठवला का पोरीने?" दुसरा त्यांच्याच डाव्या पायात होता. मी तो पाय उचलून दाखवला, तर म्हणाले, "अरे वा, हा पण आपलाच?" आम्ही दोघंही हसलो. हसू येतंय, हेच केवढं आहे.

आमच्या शाळेतल्या सिस्टर शनिवारी दुपारी आमच्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या. त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी आभार, मग विचारपूस, आणि आपलं रडगाणं सर्वांत शेवटी, तेही कागदावर जागा उरली तर. चाळीस-पन्नास वर्षं झाली, पण क्रम मोडायला हात धजत नाही. तेव्हा आधी आभार. मोज्यांचे, आणि फोन असताना पत्र लिहितेस त्याचेही. फोनवर आपण दोघी "सगळं छान" म्हणून मोकळ्या होतो. पत्रात तेवढं खोटं बोलायला जास्त श्रम पडतात.

काकांचं तसंच आहे. मेंदूला झटका येऊन वर्ष उलटलं. चालतात, बोलतात, टोमणे मारतात. डोळेही शाबूत आहेत. फक्त डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलेलंच नाही. दाढी उजव्या गालाची करतात आणि टॉवेल मागतात. ताटातलं उजवीकडचं संपलं की हात धुवायला उठतात. मग मी ताट फिरवते, की "अजून होतं का?" म्हणून पुन्हा बसतात. न्हाणीघर आमच्या खोलीतून बाहेर पडलं की डाव्या हाताला, म्हणजे त्यांच्या लेखी नाहीच. म्हणून मी हात धरून नेते. दिवसभर त्यांचा हात माझ्या हातात असतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही एवढा नव्हता.

ज्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, त्यांना मी न्हाणीघराचा रस्ता दाखवते. त्यांची ती शिकवणीची गाडी आठवते? त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. "हात मांडीवर, पाय ब्रेकवर, पण दाबायचा नाही," एवढंच त्यांचं शास्त्र. मला मात्र त्यांना शिकवता आलं नाही. पहिल्याच दिवशी मी एका दुधाच्या गाडीला नमस्कार केला आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

खालच्या शिंपीणबाईंनी परवा विचारलं, भाची नक्की काय करते? मी म्हटलं, मुंग्यांना सिनेमा दाखवते. त्या म्हणाल्या, "तिकीट कोण काढतं?" आता तूच नीट समजावून सांग, म्हणजे मला जरा मिरवता येईल.

मंगळवारी दवाखान्यात जाऊन आले. विशेष काही नाही. कागद संपला.

तुझी मावशी

*

३० जानेवारी

प्रिय मावशी,

शिंपीणबाईंना सांग, तिकीट विद्यापीठ काढतं आणि सिनेमा मुंगी स्वतः चालवते.

मुंगी खाण्याच्या शोधात वेडीवाकडी कितीही लांब गेली, तरी परत येताना बिळाकडे सरळ येते. रस्ता तिला कसा कळतो? बाहेरच्या रानात हे शोधणं कठीण, कारण मुंगीला फसवायचं म्हणून डोंगर इकडचा तिकडे करता येत नाही. आमच्या खोलीत करता येतो. खोलीच्या मध्ये एक गोल पडदा आहे, आपण विहिरीत उभं राहावं तसा चहूबाजूंनी. त्यावर झाडं, टेकड्या, आभाळ. मधोमध थर्माकोलचा छोटा चेंडू, खालून हवेचा झोत सोडून अधांतरी तरंगत ठेवलेला. मुंगीच्या पाठीला गोंदाच्या थेंबाने एक बारीक काडी चिकटवतो आणि तिला चेंडूवर धरतो. (दुखत नाही. नंतर गोंद काढून तिला घरी सोडतो. तू विचारणारच होतीस.) ती चालायला लागली की पायाखालचा चेंडू फिरतो. दोन कॅमेरे चेंडूवर नजर ठेवतात, आणि तो फिरेल तसं संगणक पडद्यावरचं जग सरकवतो. ती डावीकडे वळली की झाडं उजवीकडे जातात. तिला वाटतं आपण रान तुडवतोय. प्रत्यक्षात ती जागची तसूभर हलत नाही. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, म्हणजे आभासी जग. माझं काम एवढंच, की दोन शिखरांच्या टेकडीखाली घर आहे हे तिला या जगात शिकवायचं आणि मग ती टेकडी ओळखते का ते पाहायचं.

अजून नीट जमलेलं नाही. गोल गोल फिरतात. होईल.

इथे थंडी आहे, पण खोली मुंग्यांसाठी उबदार ठेवतात. त्यामुळे माझीही सोय होते. काकांना सांग, डाव्या मोज्याची किंमतही मीच दिली आहे, तेव्हा तोही वापरावा.

आता खरं बोलू. मंगळवारी दवाखान्यात कोण गेलं होतं? काकांची तपासणी महिन्याच्या शेवटी असते, हे मला पाठ आहे. मावशी, या वेळी कागद संपू देऊ नकोस. सोबत दोन कोरे जोडते आहे.

तुझी ठकू

*

१६ फेब्रुवारी

प्रिय ठकूस,

आशीर्वाद. दोन कोऱ्या कागदांबद्दल आभारी आहे. चांगलीच पकडलीस.

पित्ताशयात खडे झाले आहेत. तुझ्या काकांना मी आयुष्यभर म्हणत आले की तुमच्या डोक्यात दगड भरलेत. निघाले माझ्याच पोटात. दुखायला लागलं की पाठीपर्यंत कळ जाते, मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहते, त्यांना दिसू नये म्हणून. ओट्याच्या डावीकडच्या टोकाला उभं राहिलं की दिसतच नाही. या आजाराचा एवढा एक फायदा.

डॉक्टरीणबाई म्हणतात, मे उजाडायच्या आत काढून टाका. फार लांबवलं तर एखाद्या रात्री धावपळ करून काढावं लागेल आणि ते बरं नव्हे. आठवडाभर दवाखान्यात, त्यानंतर महिनाभर ओढाताण नाही. म्हणजे त्यांचा हात धरणं नाही.

मग ते कुठे राहणार? "शुश्रूषागृहात ठेवा," असं डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या. झटक्यानंतर पंधरा दिवस ते तिथे होते, तू पाहिलं नाहीस. तिथली माणसं वाईट नव्हती. पण ताट कोणी फिरवलं नाही. निम्मं जेवण डावीकडे तसंच राहायचं, आणि मला सांगायचे की यांना भूक नसते. हे बिचारे जेवण संपलं समजून पाणी पिऊन झोपायचे. घरी आणलं तेव्हा सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. तिथे मी त्यांना पुन्हा ठेवणार नाही. ते घरात निभावून नेतील तर ऑपरेशन, नाही तर नाही. शिंपीणबाई दोन वेळा वर येऊन ताट फिरवायला तयार आहेत. पण रात्री-अपरात्री न्हाणीघरात त्या थोड्याच नेणार?

म्हणून मी त्यांच्याकडून पाठ करून घेते आहे. सकाळपासून किती फेऱ्या होतात ते विचारू नकोस. हात धरते, दारापाशी थांबते, "आता डावीकडे" म्हणते आणि वळवते. ते गरीब गायीसारखे वळतात. महिना झाला. काल मुद्दाम दारात हात सोडून विचारलं, आता कुठे? ते उजवीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तू नेशील तिकडे."

त्यांना तरी काय बोलू? मी स्वतः तीस वर्षं त्यांच्या स्कूटरवर मागे बसले, आणि आजही मला या शहरातला एक रस्ता धड येत नाही. बाजार, दवाखाना, तुझी शाळा, जिथे स्वतःच्या पायांनी गेले तेवढंच येतं. बाकी सगळीकडे त्यांची पाठ पाहिली. तुझ्या मुंग्यांचंही असंच काही असेल. त्यांच्यावर रागावू नकोस.

पाहिलंस, रडगाण्यानेच दोन्ही कागद भरले. सिस्टरांनी पट्टी काढली असती.

तुझी मावशी

*

५ मार्च

मावशी,

तुझं पत्र प्रयोगशाळेत, डबा खाताना वाचलं. आधी तुझ्यावर खूप रागावले, मग रडले, मग तुझी स्कूटरची ओळ पुन्हा वाचली आणि डबा तसाच टाकून उठले.

मुंगी चालत असतानाच मी चेंडूवर बोट ठेवलं. चेंडू थांबला. चेंडू थांबला की पडदा थांबायला हवा. पडदा थांबला नाही. झाडं आपली सरकतच होती.

झालं होतं ते असं. पडदा नीट चालतो का हे पाहायला आम्ही सकाळी आदल्या दिवशीच्या मुंगीच्या प्रवासाचं रेकॉर्डिंग लावतो. तपासून झालं की ते बंद करायचं, मग चेंडू जग चालवतो. मी ते बंद करायला विसरत होते. एकदा नव्हे, कित्येक आठवडे. मुंगी चालत असते, चित्र सरकत असतं, बघणाऱ्याला काही खटकत नाही. पण माझ्या प्रत्येक मुंगीला दिसत होतं ते कालच्या मुंगीचं चालणं. तिचे पाय एकीकडे आणि जग भलतीकडे. सगळ्या जणी कुणा ना कुणाच्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या, मावशी. टेकडी त्यांनी हजारदा पाहिली आणि शिकल्या काहीच नाहीत.

मी तुला "होईल" लिहिलं होतं. खरं म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हा प्रयोग महिनाअखेरीस बंद करायचं ठरवलं होतं, आणि त्याबरोबर माझी नोकरीही. आता बाईंनी थोडी मुदत दिली आहे. रेकॉर्डिंग बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी एक मुंगी टेकडीकडे सरळ गेली. मी खुर्चीत बसून नुसती बघत राहिले. तुझे आभार कसे मानू? तुझ्या सिस्टरांच्या क्रमात याला जागा नसेल.

आता एक विचारायचं आहे आणि भीती वाटते. न्हाणीघराकडे जाताना काकांच्या पायाखालचा चेंडू कोण फिरवतं?

मला शाळेचा तो पहिला दिवस आठवतो. आई जाऊन वर्ष झालं होतं, तू मला पहिल्यांदाच एकटीने शाळेत पाठवलंस. पाठवलंस म्हणजे पलीकडच्या फुटपाथवरून निळी छत्री घेऊन मागे आलीस आणि टपालपेटीच्या आड लपलीस. मला सगळं माहीत होतं. दुकानांच्या काचांमध्ये तुझी छत्री दिसत होती. मी मान वळवली नाही. वळवली असती तर तू धावत येऊन माझा हात धरला असतास. त्या दिवशी मी रस्ता शिकले. हे आभार मानायचे राहून गेले होते.

तू म्हणशील तर मी येते. तिकीट काढायला वेळ लागणार नाही.

ठकू

*

१९ मार्च

प्रिय ठकू,

तुझी नोकरी वाचते आहे याचा आनंद झाला.

माणूस म्हणजे मुंगी नव्हे. मुंगी पडली तर तिला लागत नाही. तुझे काका गेल्या पावसाळ्यात पडले तेव्हा भुवईवर टाके पडले होते, आणि त्या वेळी मी फक्त दूध उतू जायला लागलं म्हणून हात सोडला होता. गोल पडद्यापाशी बसून हे कळायचं नाही.

तुला यायची गरज नाही. बाकी ठीक.

मावशी

*

१ एप्रिल

प्रिय मावशी,

मला माफ कर. टाक्यांचं मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलले.

मी पुन्हा तो विषय काढणार नाही. फक्त इथली एक गोष्ट सांगते, आमच्यापुरती. मुंग्या गोल फिरतात म्हणून मी त्यांना वेंधळ्या ठरवत होते ना? आता त्यांचं जग त्यांच्याच पायांनी चालतं, तरी सुरुवातीला त्या फिरतातच. बाईंनी मला रानातलं चित्रण दाखवलं. बिळातून पहिल्यांदा बाहेर पडणारी मुंगी लगेच लांब जात नाही. चार पावलं जाते, गिरकी घेते, घराकडे बघते. पुन्हा चार पावलं, पुन्हा गिरकी. ती हरवलेली नसते. आपलं घर सगळ्या बाजूंनी कसं दिसतं ते पाहून ठेवत असते. आम्ही या गिरक्या चुका म्हणून मांडत होतो.

आणखी एक. माझ्या त्या वाया गेलेल्या मुंग्याही कामी आल्या. ज्यांना दुसऱ्याचा प्रवास दाखवला त्या, आणि ज्यांनी स्वतःचा केला त्या, अशी तुलना बाईंना फार आवडली. मला अजून दोन वर्षं ठेवून घेतलं आहे. स्कूटरची ओळ मी भिंतीवर लावली आहे. इथे कुणाला मराठी वाचता येत नाही. ही कुठल्या तरी मोठ्या शास्त्रज्ञाची का, असं विचारतात. मी हो म्हणते.

तुझं पोट कसं आहे? खरं सांग.

तुझी ठकू

*

२० एप्रिल

प्रिय ठकूस,

अनेक अनेक आशीर्वाद, आणि आधी माफी. मागच्या पत्रातला माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पोटात दुखत होतं हे खरं, पण दुखणं तेवढंच नव्हतं. एक वर्ष मी त्यांचा हात धरून आहे, आणि तोच त्यांच्या आड येतोय असं वाटलं तेव्हा काय करावं सुचेना.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी तुझी सगळी पत्रं त्यांना वाचून दाखवली. तोवर मुंग्यांचं सांगितलं होतं, बाकीचं लपवून ठेवलं होतं. माझे खडेही लपवले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मुंगीलाही लायसन लागतं." मी हसले नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मान पूर्ण वळवून पाहिलं, कारण मी त्यांच्या डावीकडे बसले होते.

"इतकी माणसं शिकवली मी," ते म्हणाले, "ब्रेक दाबत राहणाऱ्याच्या शेजारी बसून कुणी शिकलेलं पाहिलं नाही. ब्रेकवरचा पाय काढ. वर धरून ठेव हवं तर. पण दाबू नकोस."

मी म्हटलं, आणि पडलात तर?

"तर उचल. तेवढ्यासाठीच शेजारी बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाईंना बोलावून पॅसेजमधलं कपाट आणि कुंड्या हलवल्या. हे खोलीतून बाहेर आले. मी दोन पावलं मागे, हात मागे बांधून, शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहायचे तशी. ते दारात थांबले. डावीकडे न्हाणीघर, हाताच्या अंतरावर. जीभ नुसती वळवळत होती माझी. त्यांनी उजवीकडे पाहिलं आणि उजवीकडे वळले. मला वाटलं, संपलं. पण ते वळतच राहिले. भिंतीला हात लावून गिरकी घेतली, माझ्याकडे तोंड आलं तेव्हा मला डोळा मारला, आणि पुढे वळत गेले, तोच न्हाणीघराचं दार त्यांच्या नाकासमोर आलं. खांदा चौकटीवर आपटला. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे ओढला.

आत जाऊन दार लावलं आणि आतून म्हणाले, "डावीकडे वळायला बंदी असेल तर उजवीकडून फिरून यायचं. पहिल्या आठवड्यात शिकवतो हे."

ठकू, मी पॅसेजमध्ये खाली बसून रडले. तुझी गिरकी घेणारी मुंगी वाचली नसती तर मी त्यांना अर्ध्यातच धरलं असतं. "अहो, तिकडे नाही" म्हटलं असतं. वर्षभर मी तेच म्हणत होते.

त्यानंतर दोनदा चुकले. एकदा चपलांच्या फळीपर्यंत पोचले आणि तिथेच उभे राहून शिव्या देत होते. पण आता येतात जातात. ताटही स्वतः फिरवतात. युक्ती त्यांचीच आहे. जेवण झालं की ताटाला उजवीकडून अर्धा वळसा द्यायचा, काही निघालं तर नफा. काल दोन बटाटे निघाले, तर मलाच आग्रह करायला लागले.

ऑपरेशन सत्तावीसला ठरलं आहे. तू येऊ नकोस. मनापासून सांगते, रागाने नाही. तू आलीस तर तू त्यांचा हात धरशील. मी ओळखते तुला, माझ्याच हाताखाली वाढलीस.

दवाखान्यात शिरताना भीती वाटेल ती माझी वाटेल, त्यांची नाही. एवढं हलकं मला वर्षात वाटलं नव्हतं.

तुझी मावशी

*

२९ एप्रिल

ठकूबाई,

मावशीचे खडे
काढले. ती बरी.
बाटलीत घालून
दिलेत. मी म्हटलं
फुलदाणीत ठेवू.

कागदाच्या उजव्या
बाजूलाच लिहितोय
असं शिंपीणबाई
म्हणतात. उरलेला
अर्धा तुझ्या
उत्तरासाठी ठेव.

रात्री दोनदा उठलो.
दोनदा पोचलो.
खांदा एकदाच.

घर शांत आहे. ती
नाही म्हणून.
बरोबर शब्द नाही
तो. रिकामं आहे.

उद्या तिला भेटायला
जाणार. शिंपीणबाई
दारापर्यंत सोडतील.
आत मी एकटा.
तिला कळवू नकोस.

मुंग्यांना नमस्कार.

काका

*

९ मे

प्रिय ठकूस,

आशीर्वाद. मी घरी आले. टाके सुकताहेत, उठबस जमते, ओझं उचलायचं नाही. तुझी फुलं दवाखान्यातच पोचली. नर्सबाईंनी ती सगळ्यांना दिसतील अशी मधल्या टेबलावर ठेवली, आणि मी ती सांभाळून घरी घेऊन आले. आभार.

काकांचं पत्र तुला मिळालं असेल. ते मला न दाखवता टाकलं, म्हणजे त्यात नक्की माझी चेष्टा असणार. पण ते मला भेटायला आले ती गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसेल, कारण ती त्यांना गोष्ट वाटतच नाही. ती मी सांगते.

आमचा बायकांचा लांबलचक हॉल होता. दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये वाट. दारातून आत येणाऱ्याच्या अगदी डाव्या हाताला, पहिलीच खाट माझी. दुपारी भेटायची वेळ झाली आणि दारात हे उभे. इस्त्रीचा सदरा, दोन्ही गालांची दाढी केलेली, दोन्ही पायांत तुझे मोजे. मागे शिंपीणबाई, पण त्या दाराबाहेरच थांबल्या.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. हाक मारून बोलावून घेता आलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई म्हणाल्याही, "अहो, तुमचे मालक. हाक मारा ना." मी नाही म्हणून मान हलवली. दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले आणि हातांवरच झोपले म्हण ना.

ते उजवीकडे वळले. उजवीकडच्या पहिल्या खाटेवरच्या बाईंना नमस्कार केला. त्या मी नव्हते. पुढच्या खाटेपाशी गेले. तिथेही मी नव्हते. तिथे त्यांनी तब्येतीची चौकशी केली. प्रत्येक खाटेपाशी थांबून बघायचं, नमस्कार करायचा, बरं वाटेल म्हणायचं आणि पुढे. कोणी विचारलं, कुणाला शोधताय? तर म्हणाले, "शोधत नाही. रस्ता बघून ठेवतोय." हॉलच्या टोकाला खिडकी आहे, तिथे वळसा घेतला आणि पलीकडच्या रांगेने, आता तीही त्यांच्या उजव्या हाताला आली होती, एकेक खाट करत परत निघाले. तोवर अख्खा हॉल उठून बसला होता. सगळ्यांना कळलं होतं कुठे जायचंय ते, आणि कुणी बोट दाखवलं नाही. आजीबाईंनी तर तोंडावर पदर धरला होता.

ठकू, तेवढ्या वेळात मला तू दिसलीस. दप्तर पाठीला लावून, मान ताठ ठेवून शाळेकडे निघालेली. मी त्या टपालपेटीच्या मागे उभी होते ना, तेव्हा देवाकडे एकच मागितलं होतं, की पोरीने वळून पाहू नये. नाही तर माझ्याने राहवणार नाही. तू वळली नाहीस म्हणून मी इतकी वर्षं देवाचे आभार मानत आले. आता पत्ता बदलते. ते तुला दिले.

शेवटी माझ्या खाटेपाशी येऊन ते थांबले. स्टूल ओढलं, बसले, कपाळ पुसलं.

"पास?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

मग त्यांनी खाली, आपल्या मांडीकडे पाहिलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करतात तेव्हा पाहतात तसं. उजव्या हाताने चाचपत डावा हात शोधला, मनगटाला धरून उचलला, आणि पांघरुणातून मी हात बाहेर काढेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग तो माझ्या हातात दिला.

"हा मी विसरतो," ते म्हणाले. "एवढा तू धरत जा."

तुझी मावशी